लाल दिवा आणि शेवटचा बाक

नाताळ सरला की आमच्या वसईत ख्रिस्ती लग्नांचा मोसम सुरू होतो. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत जमतील तेवढी लग्नं लावून घ्यायची असतात, म्हणून जानेवारीतल्या शनिवार-रविवारी चर्चच्या अंगणात एक वरात बाहेर पडेपर्यंत दुसरी येऊन उभी राहते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, बहुधा साडेचारची. बाहेर तेव्हा ऊन तिरपं झालेलं असलं तरी भरपूर असतं. बँडवाले सावली धरून उभे असतात, नवरीच्या पांढऱ्या गाऊनकडे बघवत नाही इतका तो चमकत असतो. मग ती वडिलांचा हात धरून मोठ्या दारातून आत येते आणि तीन पावलांत सगळा उजेड मागे राहतो.

ही तीन पावलं मी एकवीस वर्षं मोजते आहे. अंगणातल्या आणि आतल्या बाकांमधल्या वाटेवरच्या उजेडात नऊ-दहा स्टॉपचा फरक असतो. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा असं करत दहा वेळा गेलं की हजारावा हिस्सा उरतो. आपल्या डोळ्यांना ते फारसं जाणवत नाही. आत गार वाटतं, थोडं अंधारून आल्यासारखं होतं आणि क्षणभरात बाकं, मूर्ती, मेणबत्त्या दिसू लागतात. कॅमेऱ्याला तसं सावरून घेता येत नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगायला हातात तीन पावलांचाच वेळ असतो.

मी ख्रिस्ती नाही. बाबा कोकणातून वसईत आले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी स्टेशनच्या बाजूला छोटा स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नं. वसईत लग्नाचे फोटो काढून जगायचं तर चर्चमधलं लग्न यायलाच हवं. त्यामुळे मिस्सा मला लहानपणी पाठ झाली ती बाबांच्या मागे उभी राहून. पहिलं वाचन, शुभवर्तमान, प्रवचन, मग वधूवरांची वचनं, अंगठ्या, मग अर्पण, मग परमप्रसाद, म्हणजे अर्पण झालेली भाकर लोकांना देणं. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, कुठे गुडघे टेकायचे हे मला कळायचं. त्याचा अर्थ मला पुष्कळ नंतर, माझी स्वतःची एक चूक झाली तेव्हा समजला. त्या चुकीकडे मी येणारच आहे.

बाबांकडे याशिका मॅट होता. वरून डोकावून बघायचा, दोन भिंगांचा कॅमेरा. त्या काळी गावोगावच्या लग्नांत तोच दिसायचा. रोलवर बारा फोटो. त्याला जोडलेला मुठीचा मोठा फ्लॅश, आणि फ्लॅशची बॅटरी एका चामडी पेटीत, ती माझ्या खांद्यावर. फोटो निघाला की पेटीतून कुईंऽऽ असा बारीक आवाज चढत जायचा आणि फ्लॅशच्या पाठीवरचा केशरी-लाल ठिपका लागला की मी हळूच म्हणायचे, "झाला." मगच बाबा पुढचा फोटो घ्यायचे. नऊ-दहा वर्षांची होते मी. चर्चमध्ये माझं सगळं लक्ष त्या ठिपक्यावर असायचं.

बाबांची पद्धत अगदी सरळ होती. रोल शंभर एएसएचा, म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ १००. हा आकडा जितका लहान, तितका फिल्मला उजेड जास्त लागतो. तेवढ्या मंद फिल्मवर चर्चमधला उजेड जवळजवळ उमटतच नाही. जे काही दिसायचं ते फ्लॅशनेच दिसायचं. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, छत्तीस असेल तर त्याला अंतराने भागायचं, येईल ते अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंग किती उघडायचं त्याचा आकडा. साडेचार मीटरवर माणूस उभा असेल तर एफ ८. बाबा हा भागाकार लग्नाच्या वेळी करत नसत. आदल्या दिवशी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन ते बाकांमधली अंतरं पावलांनी मोजून ठेवत. फोकस साडेचार मीटरवर कायम, अ‍ॅपर्चर आठवर कायम. नवरी आत आली की ते उलट पावलांनी मागे सरकत जायचे, आणि ठरलेल्या बाकाशी ती पोचली की एकदा, फक्त एकदा, फ्लॅश मारायचे. "बारा आहेत. तेरावा नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कार्डात हजारो फोटो मावत असताना बोट बटणावर गेलं की ते ऐकू येतं.

त्यांच्या फोटोंत माणसं अशी दिसायची की जणू कोरून काढलीत. नवरीच्या वेलची, म्हणजे डोक्यावरच्या पांढऱ्या ओढणीची, जाळी, वडिलांच्या कोटाची इस्त्री, करवलीच्या हातातल्या फुलांची एकेक पाकळी. आणि त्यांच्या मागे काळं. चर्च कुठे आहे पत्ता नाही. वेदीचं नक्षीकाम नाही, सोनेरी खांब नाहीत, मेणबत्त्यांच्या जागी बारीक पिवळे ठिपके. आणि एक गोष्ट कधीच नसायची, ती म्हणजे लाल दिवा.

कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळ, जिथे परमप्रसाद ठेवलेला असतो त्या पेटीपाशी, एक लहान दिवा तेवत असतो. बहुतेक ठिकाणी लाल काचेचा. इथे कुणीतरी आहे, ही त्याची खूण. आत येणारा माणूस त्या दिशेने गुडघा टेकून मग बाकावर बसतो. फ्लॅशवरच्या ठिपक्याखेरीज चर्चमधली मला ठाऊक असलेली दुसरी लाल गोष्ट तीच होती. मी बाबांना विचारलंही होतं, की तो दिवा आपल्या फोटोत का येत नाही. त्यांनी सांगितलं, "तो फार हळू बोलतो. आपला फ्लॅश ओरडतो."

ओरडणंही किती, तर डोळा लवायच्याही आत संपणारं. असा फ्लॅश पूर्ण ताकदीने मारला तरी सेकंदाच्या पाचशेव्या-हजाराव्या भागाच्या आसपास विझतो. त्यातला उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. नवरी तीन मीटरवर आणि वेदी नऊ मीटरवर असेल तर वेदीला नवव्या हिश्श्याचा उजेड मिळतो. म्हणून चेहरे लख्ख आणि मागे गुहा. हा दोष बाबांचा नव्हता, त्यांच्या फ्लॅशचाही नव्हता. एका लहानशा जागेतून निघालेला उजेड असाच पसरणार.

माणसाला आतल्या अंधारात फोटो काढायची ओढ पहिल्यापासून आहे. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅग्नेशियमची तार जाळून फोटो काढू लागले. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट वगैरे मिसळून भपकन पेटणारी पूड केली. उजेड भरपूर, पण धुराचा लोट, राख आणि हात भाजायची भीती. अशी पूड वेदीसमोर पेटवणारा फोटोग्राफर मी डोळ्यांपुढे आणून बघते, छतापर्यंत गेलेला पांढरा धूर आणि त्याखाली खोकणारं वऱ्हाड. १९२९ च्या सुमारास जर्मनीतच काचेच्या बंद गोळ्यात जळणारा फ्लॅशबल्ब बाजारात आला, एका फोटोला एक बल्ब. तिसाच्या दशकात अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या कडकडाटासारखा, पुन्हा पुन्हा पेटवता येणारा फ्लॅश वापरात आणला. माझ्या खांद्यावरची पेटी त्याच घराण्यातली.

मी स्वतः कॅमेरा हातात घेतला तेव्हा डिजिटल आलेलं होतं. बाबांच्या काळ्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळं काहीतरी मला करायचं होतं, आणि पहिल्या मोठ्या चर्चमध्येच ठेचाळले. हॉलमधल्या लग्नांत मी फ्लॅशचं डोकं वर करून छतावर मारायला शिकले होते. छत पांढरं आणि दहा-बारा फुटांवर असलं की उजेड तिथून झिरपून खाली येतो, मऊ, सगळीकडे सारखा. इथेही तेच केलं. पण जुन्या चर्चचं छत चाळीस फुटांवर, वर लाकडी तुळ्या आणि काळवंडलेली कौलं. फ्लॅशने पूर्ण जोर लावला, उजेड वर गेला आणि लाकडाने तो पिऊन टाकला. खाली जे काही थोडं परतलं ते तपकिरी रंगाचं. नवरीचा गाऊन चहात बुडवल्यासारखा दिसत होता. शिवाय दर वेळी पूर्ण जोर लागल्यामुळे सेल दमले. अंगठी बोटात सरकत होती तेव्हा माझा फ्लॅश भरत होता. तो फोटो माझ्याकडे आहे, जवळजवळ काळा.

दुसरा धडा गाऊनचा. आपोआप जोर ठरवणारा फ्लॅश आधी एक बारीक लुकलुक करून समोरून किती उजेड परत येतोय ते मोजतो. समोर पांढरा गाऊन पसरलेला असला की त्याला वाटतं, फारच उजेड झाला, आणि तो हात आखडता घेतो. गाऊन राखाडी होतो, चेहरा काळवंडतो. नवऱ्याच्या काळ्या सुटाजवळ गेलं की उलटं, फ्लॅश भडकतो. आमच्या माणसांचा रंग सावळा, पोरी शेतावाडीतल्या उन्हात वाढलेल्या, आणि वर तो पांढराशुभ्र गाऊन. अशा नवरीचा चेहरा तिच्या खऱ्या रंगात आणायचा तर फ्लॅश हाताने एक स्टॉप वाढवावा लागतो आणि गाऊनचे तपशील जाणार नाहीत एवढंच थांबावं लागतं. पुष्कळ वर्षं पुष्कळ जणांनी यावर एक सोपा उपाय केला, अल्बममध्ये चेहरे गोरे करून द्यायचा. मला त्याचा मनापासून राग आहे. आईच्या चेहऱ्यावरचा रंग मुलीच्या चेहऱ्यावर दिसला नाही, तर तो फोटो कुणाचा म्हणायचा?

हळूहळू मला उमगलं की अंधाऱ्या जागेत फ्लॅश मारून काढलेल्या एका फोटोत दोन फोटो असतात. एक फ्लॅशचा, एक जागेचा. फ्लॅश क्षणात संपतो, त्यामुळे शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड अडवणारा पडदा, किती वेळ उघडं आहे याच्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. जागेचा उजेड मात्र शटर उघडं आहे तोवर साचत राहतो. म्हणजे शटर सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी तिसाव्या किंवा पंधराव्या भागापर्यंत उघडं ठेवलं, आयएसओ सोळाशेपर्यंत नेला आणि फ्लॅशचा जोर अगदी कमी केला, तर चेहरा फ्लॅशमुळे स्थिर राहतो आणि मागे चर्च हळूहळू भरून येतं. वेदी येते, खांब येतात, मेणबत्त्यांच्या ज्योती ज्योतींसारख्या दिसतात. नवरी चालत असेल तर वेलच्या कडेला थोडी ओढ उमटते, ती मला आवडते. चालल्याची ती खूण आहे.

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी रात्री घरी येऊन फोटो मोठा केला आणि वेदीच्या उजव्या हाताला लाल ठिपका दिसला. बाबांना उठवून दाखवला. ते पुष्कळ वेळ बघत राहिले.

पण तेव्हा रंगाची गडबड उरलीच होती. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साडेपाच हजार केल्विनच्या आसपास. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका रंग पिवळट. जुने पिवळे बल्ब तीन हजारांच्या आतबाहेर, मेणबत्ती त्याहून खाली, दोन हजारांच्याही खाली. दोन्ही एकत्र आले की एकतर चेहरा निळसर पडतो नाहीतर मागचं चर्च शेंदरी होतं. दोन वेगळ्या दिवशी काढलेले फोटो चिकटवल्यासारखं दिसतं. त्यावर इलाज म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर केशरी जिलेटिनचा तुकडा लावायचा. तो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड खातो, पण फ्लॅश मग जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळपासच्या रंगात बोलायला लागतो. आता बऱ्याच चर्चमध्ये एलईडी आलेत, ते कुठे पांढरे कुठे पिवळे, आणि काही स्वस्त दिवे इतके लपलपतात की शटर जोरात ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की पट्टे जातात. वेदीमागच्या खोलीत, साक्रिस्तीत, जिथे नोंदवहीवर सह्या होतात, तिथे ट्यूबलाइट. हिरवट. तिथे मी केशरी तुकडा काढून टाकते आणि फ्लॅश सरळ पांढऱ्या भिंतीवर मारते. तेवढी एकच जागा मला सोपी जाते.

भिंती हा मोठा आधार असतो, हे उशिरा कळलं. छत दूर असलं तरी बाजूची चुन्याने रंगवलेली भिंत जवळ असते. फ्लॅशचं डोकं भिंतीकडे वळवलं की उजेड खिडकीतून आल्यासारखा एका बाजूने येतो. गोव्यात एका लग्नाला गेले होते, तिथल्या जुन्या वास्तूंच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असतात. त्यांतून येणारा उजेड दुधाच्या सायीसारखा असतो, कडा नसलेला. त्या खिडकीखाली नवरी पाच मिनिटं बसली आणि मी फ्लॅश काढून पिशवीत ठेवला. तेव्हापासून भिंतीवरून उजेड वळवताना तीच खिडकी डोळ्यांसमोर असते.

आता ती चूक. कॅमेरा हातात येऊन चार-पाच वर्षं झाली होती, हात बसला होता. अर्पणाची वेळ आली. फादर भाकर दोन्ही हातांनी वर उचलतात आणि सगळं चर्च गुडघ्यांवर असतं. बारीक घंटा वाजते. फादरच्या हातांवर वरच्या खिडकीची तिरीप आलेली होती. मला तो फोटो हवाच होता. पुढच्या बाकाशी वाकून मी फ्लॅश मारला, आणि नीट आला नाही म्हणून आणखी एकदा मारला.

मिस्सा झाल्यावर फादरनी मला साक्रिस्तीत बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मी हात वर केले तेव्हा तीनशे माणसं माझ्या हातांकडे बघत होती. तुझा फ्लॅश पडला आणि ती तुझ्याकडे बघायला लागली. ते हात माझे म्हणून ती बघत नव्हती, हे तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिथे उभी राहून ठाऊक नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी मग मला दहा मिनिटं बसवून मिस्सेतला तो भाग समजावून सांगितला. त्यांच्या दृष्टीने तिथे ती भाकर ख्रिस्ताचं शरीर कशी होते, लोक गुडघ्यांवर का असतात, तो लाल दिवा मिस्सा संपल्यावरही का तेवत राहतो. त्या दिवसापासून शुभवर्तमान, अर्पण आणि परमप्रसाद या तीन वेळांना माझा फ्लॅश बंद असतो. कुणी सांगो न सांगो. कॅमेराही बहुतेक वेळा खाली असतो. शक्य असेल तिथे आदल्या दिवशी फादरना भेटून विचारते, कुठे उभी राहू, वेदीच्या कोणत्या पायरीपर्यंत येऊ. प्रत्येक चर्चचं वेगळं असतं.

व्हिडिओवाल्यांच्या हॅलोजनपेक्षा फ्लॅश तरी बरा, असं पूर्वी लोक म्हणायचे. हजार वॅटचा दिवा काठीवर धरून एक पोरगा नवरीच्या तोंडासमोर उभा, मागे वायरीचं भेंडोळं सांभाळणारा दुसरा. नवरीच्या कपाळावर घाम, वचन म्हणताना डोळे बारीक. ते गेलं ते चांगलं झालं. कॅमेरेही बदलले. आयएसओ सहा हजार चारशेला आता फोटो स्वच्छ येतो, एफ १.८ च्या भिंगाने मेणबत्तीच्या उजेडात चेहरा टिपता येतो. आणि मग एक नवी हौस आली, फ्लॅश नकोच. जसा उजेड असेल तसा. जोडपी आधीच सांगू लागली, "ताई, नॅचरल लाइटच हवा." त्यांनी पाहिलेले फोटो सुंदर असतात हे खरं आहे. खिडकीची एक तिरीप, अर्धा चेहरा, बाकी सगळं अंधारात विरघळलेलं.

याच जोडप्यांबरोबर मी दोन दिवस आधी किल्ल्यात जाते. वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक चर्चेसना छपरं उरलेली नाहीत. भिंती आहेत, कमानी आहेत, वर आभाळ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, वस्ती विखुरली, आणि मग शेकडो पावसाळ्यांनी आपलं काम केलं. तिथे फ्लॅशची गरजच नाही, उजेड भिंतींवरून उडून सगळीकडून येतो. पण तिथे बाकंही नाहीत, आणि बाकांवर बसणारी माणसंही नाहीत. फक्त दोघं. त्या फोटोंसारखेच फोटो त्यांना मग रविवारी, छपराखाली, तीनशे माणसांच्या मधोमधही हवे असतात.

मीही ते देत गेले. पाच-सहा वर्षं फ्लॅश पिशवीतच राहायचा. फोटोंची वाहवा व्हायची.

मग एक दिवस एक बाई स्टुडिओत आल्या. मी काढलेल्या एका लग्नातल्या नवरीची आई. त्यांची सासू वारली होती. महिन्याच्या मिस्सेसाठी स्मरणपत्रिका छापायची होती, त्यावर फोटो हवा होता. म्हातारी शेवटची बाहेर पडली ती नातीच्या लग्नाला, त्यामुळे फोटो त्यातला असावा अशी घरच्यांची इच्छा. मी म्हटलं, नक्की मिळेल. चौदाशे फोटो होते त्या लग्नाचे.

रात्री बसून सगळे पाहिले. म्हातारी होती. गुडघे दुखतात म्हणून पुढे न येता गायकांच्या माळ्याखाली, मागून दुसऱ्या बाकावर बसली होती. माळ्याखाली कुठलाही उजेड पोचत नाही. खिडकी नाही, वर लाकडी तक्तपोशी. अकरा फोटोंत ती सापडली, आणि अकराही फोटोंत ती लाल लुगड्याचा एक गडद डाग होती. कॉम्प्युटरवर तो भाग उजळवला तर चेहऱ्याऐवजी रवाळ दाणे वर आले. एका फोटोत तिचा हात तेवढा दिसत होता, समोरच्या बाकाच्या पाठीवर ठेवलेला.

त्या चौदाशे फोटोंत लाल दिवा तीनशे वेळा तरी होता. शांत, स्वच्छ, जसा दिसतो तसा.

बाईंना मी काय सांगणार होते? बाबा तोवर थकले होते, पण त्यांच्या जुन्या निगेटिव्ह नावानिशी लावलेल्या होत्या. त्यांना विचारलं, यांच्या घरातली आधीची लग्नं आपण केलीत का. केली होती, याच बाईंचं स्वतःचं लग्न, सव्वीस वर्षांपूर्वीचं. पाकिटातला शेवटचा रोल काढला, दिव्यासमोर धरला, आणि त्यात एकही नवरी नव्हती. बाराच्या बारा फोटोंत बाकं होती.

मला आठवलं. मिस्सा संपून नवरा-नवरी सह्या करायला आत गेली की बाबा एक कोरा रोल भरायचे आणि बाजूच्या वाटेने मागे जायचे. एकेका बाकाशी थांबायचे, "जरा इकडे बघा," म्हणायचे, फ्लॅश मारायचे. मी पेटी सांभाळत मागून, "झाला." मला ते कंटाळवाणं वाटायचं. ओळखीचं कुणी नाही, सुंदर काही नाही, माणसं अवघडून बसलेली. एकदा मी विचारलं होतं की हे फोटो कशाला, अल्बममध्ये तर लावत नाहीत. ते म्हणाले होते, "लावत नाहीत. पण शोधतात."

मागून चौथ्या बाकावर म्हातारी होती. तेव्हा म्हातारी नव्हती, पन्नाशीची असेल. लाल लुगडं, गळ्यात सोनं, केसांत फुलं, आणि फ्लॅश एकदम अंगावर आल्यामुळे किंचित मोठे झालेले डोळे. मागे भिंतीवर काळी, धारदार सावली. हा उजेड मी वर्षानुवर्षं टाळत आले होते. त्यात तिच्या भुवईजवळचा तीळसुद्धा दिसत होता. स्मरणपत्रिकेवर तोच फोटो छापला. बाई म्हणाल्या, "आई अश्शाच बघायच्या." आणि रडल्या.

बाबांना मी म्हटलं, तुमच्या फोटोत दिवा नाही आणि माझ्या फोटोत माणसं नाहीत. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून ती चामडी पेटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. बॅटरी केव्हाच मेलेली होती.

आता मी दोन लहान फ्लॅश नेते. एक माझ्या हातात, केशरी तुकडा लावलेला, बाजूच्या भिंतीकडे वळवलेला. दुसरा गायकांच्या माळ्याखाली, खांबामागे, जमिनीपासून सात फुटांवर, तक्तपोशीकडे तोंड करून. त्याला इतका कमी जोर देते की पेटला तरी मान वळत नाही, फक्त माळ्याखालचा काळोख थोडा विरळ होतो. फादरना आधी दाखवून त्यांची परवानगी घेते. आदल्या दिवशी त्याच वेळेला रिकाम्या चर्चमध्ये जाते, शेवटच्या बाकावर बसते आणि तळहात डोळ्यांसमोर धरून बघते, की रेषा दिसतात का. मग हात तसाच ठेवून समोर बघते, की लाल दिवा दिसतो का. दोन्ही एकदम दिसतील असा जोर सापडायला कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी तास. काही चर्चमध्ये अजूनही सापडलेला नाही.

आणि सह्यांच्या वेळी मदतनिसाला साक्रिस्तीत पाठवते. तिथली ट्यूबलाइट आणि पांढरी भिंत त्याला जमते. मी बाजूच्या वाटेने मागे जाते. कार्डात जागा कितीही असली तरी बाराच.

परवाच्या जानेवारीतलं लग्न. बँड बाहेर सूर लावत होता, लोक उठायच्या बेतात होते. शेवटच्या बाकावरचा पहिला फोटो झाला. त्याच्या पुढच्या बाकावर एक आजी एकटीच, लाल लुगड्यात, पदर सावरत. मी वाकून म्हटलं, "आजी, जरा इकडे बघा." त्यांनी बघितलं, फ्लॅश भिंतीवरून आला, त्यांचे डोळे मिटले.

"मिटले गं, बाय," त्या म्हणाल्या. "परत घे."

मी फ्लॅशच्या पाठीवरचा ठिपका लागेपर्यंत थांबले आणि परत घेतला. त्यांच्या खांद्यावरून, लांब, वेदीजवळचा दिवा दिसत होता. पुढच्या बाकाकडे वळले. नऊ उरले होते.